सत्तरीत फुललेली लेखणी



इटलीतील सिसिली बेटावर १९२५ साली जन्मलेले आंद्रेआ कामिल्लेरी रोमच्या नाट्य अकादमीत दिग्दर्शन शिकवीत. त्यांची पहिली कादंबरी छापून यायला दहा वर्षे लागली. ती १९७८ मध्ये निघाली. पोलीस अधिकारी मोन्ताल्बानोची पहिली रहस्यकथा १९९४ मध्ये आली, तेव्हा हे गुरुजी सत्तरीला टेकले होते. तिने त्यांचे नाव देशोदेशी पोहोचविले. पुढे दृष्टी गेली. मग ते सांगत आणि सहायिका लिहून घेई. २०१९ मध्ये ते निवर्तले.

पालकहो, एका निकालावरून मुलामुलींची शाळा सोडवू नका. विद्यार्थ्यांनो, नापास झालेला विषय पुन्हा हाती घ्या. उशीर म्हणजे पराभव नव्हे.