शिकविलेल्या पेशींचें आयुष्य



आपल्या रक्तांतील पांढऱ्या पेशींमध्यें ‘टी’ नांवाच्या पेशी असतात. रोगग्रस्त पेशी हुडकून त्यांचा नाश करणें हें त्यांचें काम. मग कर्करोग वाढतो कसा? कर्कपेशी आपल्याच शरीरांत जन्मलेल्या. त्या स्वकीयांसारख्या दिसतात, म्हणून पुष्कळदां पहारेकऱ्यास ओळखूं येत नाहींत.

यावर शास्त्रज्ञांनीं योजलेला उपाय असा. रोग्याच्या रक्तांतून टी पेशी काढावयाच्या, निरुपद्रवी केलेल्या विषाणूच्या द्वारें त्यांत नवें जनुक घालावयाचें, आणि त्या वाढवून परत शरीरांत सोडावयाच्या. त्या जनुकामुळें पेशीवर आंकड्यासारखी एक रचना उगवते व ती कर्कपेशीवरील विशिष्ट खूण नेमकी पकडते. रक्ताच्या कांहीं कर्करोगांत ही खूण ‘सीडी १९’ नांवाची असते. या रचनेची मूळ कल्पना इस्राएलमधील झेलिग एश्हार व त्यांचे सहकारी यांनीं १९८९ सालीं प्रयोगानें सिद्ध केली.

परंतु केवळ ओळख पटून भागेना. त्या पहिल्या पेशी शत्रूस मारीत, पण शरीरांत फार काळ टिकत नसत. निसर्गतः टी पेशीस दोन इशारे लागतात. एक ‘शत्रु हाच’, आणि दुसरा ‘वाढ, टिकून राहा’. हा दुसरा इशारा त्याच रचनेंत जोडल्यावर चित्र पालटलें. अक्षरओळखीबरोबर वाचनाची गोडी लागली तरच विद्या टिकते, तसेंच हें. २०१० सालीं फिलाडेल्फिया येथें कार्ल जून यांच्या चमूनें दोन रोग्यांस दिलेल्या पेशी दहा वर्षांनंतरहि त्यांच्या रक्तांत जिवंत होत्या, आणि रोग परतला नव्हता. हें वृत्त २०२२ सालीं प्रसिद्ध झालें.

मात्र या दीर्घायुष्याचें मोलहि द्यावें लागतें. ‘सीडी १९’ ही खूण निरोगी ‘बी’ पेशींवरहि असते. पहारेकरी जिवंत आहे तोंवर त्याहि मरतात, आणि रोगजंतूंशीं लढणारीं प्रतिद्रव्यें कमी पडतात. आरंभीं कधीं कधीं तीव्र, क्वचित् प्राणघातक ज्वर येतो. कांहींचा रोग उलटतोहि. आणि घट्ट गांठींच्या कर्करोगांत असें यश अद्याप आलेलें नाहीं.

मुंबईच्या आय. आय. टी. व टाटा स्मारक केंद्र यांच्या सहकार्यांतून घडलेल्या अशाच उपचारास २०२३ सालीं भारतांत मान्यता मिळाली. परदेशांपेक्षां तो पुष्कळ स्वस्त आहे. तरीहि खर्च लाखांच्या घरांत जातो. पेशींस दीर्घायुषी करण्याची विद्या साधत आहे. ती सामान्य गृहस्थाच्या आटोक्यांत आणणें हें कार्य अजून उरलें आहे.