पट्ट्यावर दोघांचं नाव

बहिणींनो, बचत गटाच्या बैठकीत बसून ऐकत असाल, नाहीतर चुलीपुढे भाकरी थापताना ऐकत असाल. आज थोडा कान इकडे द्या. आज बोलायचं आहे जंगलजमिनीच्या पट्ट्याबद्दल, आणि त्या पट्ट्यावर बाईचं नाव आहे की नाही याबद्दल.

आपल्या खानदेशाच्या उत्तरेला सातपुडा आहे. रावेर, यावल, चोपडा, शिरपूर हे तालुके त्याच्या पायथ्याशी आहेत. पश्चिमेला साक्री तालुक्यात सह्याद्रीचे डोंगर लागतात. या डोंगरपट्ट्यात पावरा, भिल्ल, तडवी, कोकणी घरं पिढ्यान् पिढ्या राहतात, शेती करतात. पण कागदावर जमीन वनखात्याची. त्यामुळे ज्याच्या आजोबाने दगड वेचून शेत केलं, त्यालाही अतिक्रमणवाला म्हणत. म्हणून २००६ साली संसदेने वनहक्क कायदा केला आणि १ जानेवारी २००८ पासून त्याचे नियम लागू झाले.

कायदा थोडक्यात असा. आदिवासी कुटुंब १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून वनजमीन कसत असेल आणि पोटासाठी त्यावर अवलंबून असेल, तर त्या जमिनीचा हक्क त्याला मिळतो. जेवढी प्रत्यक्ष ताब्यात असेल तेवढीच मिळते, आणि फार तर ४ हेक्टर, म्हणजे सुमारे १० एकर. आदिवासी नसलेल्यांना तीन पिढ्यांचा, म्हणजे ७५ वर्षांचा रहिवास दाखवावा लागतो. हा हक्क वारसांकडे जातो. पण ही जमीन विकता येत नाही, दुसऱ्याच्या नावावर करता येत नाही.

आता मुद्द्याची गोष्ट. याच कायद्याच्या कलम ४ मध्ये लिहिलं आहे की लग्न झालेलं असेल तर हक्काची नोंद नवरा-बायको दोघांच्या नावे करायची. घर एकटी बाई चालवत असेल तर नोंद तिच्या एकटीच्या नावे. ‘करता येईल’ असं नाही, ‘करायची’ असं लिहिलं आहे. म्हणजे नवऱ्याची मेहरबानी नाही, तलाठ्याची नाही, सरपंचाचीही नाही. दाव्याच्या अर्जात दुसऱ्याच ओळीत पती किंवा पत्नीचं नाव विचारलेलं आहे. पट्ट्याच्या छापील नमुन्यातही हक्कधारकाच्या जागी जोडीदारासह नाव लिहा असं म्हटलं आहे.

तुम्ही म्हणाल, नवऱ्याच्या नावावर आहे ना, मग आमचं वेगळं कशाला? घर तर एकच आहे. बहिणींनो, घर एक असतं तोपर्यंत प्रश्न येत नाही. नवरा वारला, त्याने दुसरी बायको केली, दीर-जावेशी वाटणीचं भांडण निघालं, की मग कागद बघितला जातो. तेव्हा निंदणी कोणी केली, कापूस कोणी वेचला, डोक्यावरून शेणखत कोणी वाहिलं, हे कोणी विचारत नाही. कागदावर नाव कोणाचं, एवढंच विचारतात.

आदिवासी बाईसाठी तर याला आणखी एक कारण आहे. मुलीला बापाच्या मालमत्तेत मुलाइतका वाटा देणारा हिंदू वारसा कायदा अनुसूचित जमातींना लागू नाही. तिथे जमातीची रूढी चालते, आणि जमिनीच्या बाबतीत रूढी बहुतेक ठिकाणी पुरुषाच्या बाजूने आहे. बापाच्या शेतात वाटा मागायला गेलं तर अडचण, सासरी हक्क सांगायला गेलं तरी अडचण. अशा वेळी नवरा जिवंत असतानाच बायकोचं नाव जमिनीला लावणारा हा कायदा तिच्या हातचा मोठा आधार आहे. तो सोडू नका.

मग करायचं काय? पट्टा घरात असेल तर पेटीतून काढा आणि कोणाकडून तरी मोठ्याने वाचून घ्या. आपलं नाव आहे का, बरोबर लिहिलं आहे का, क्षेत्र किती लिहिलं आहे, गट किंवा कंपार्टमेंट नंबर कोणता, हे सगळं ऐका. आधार कार्डावर एक नाव आणि पट्ट्यावर दुसरं असेल तर पुढे त्रास होतो. नाव नसेल किंवा चुकलं असेल तर दोघांच्या सहीचा, अंगठ्याचा अर्ज ग्रामसभेत द्या, ठराव लिहून घ्या आणि तो प्रांत कार्यालयातल्या उपविभागीय समितीकडे पाठवा. अर्जाची एक प्रत पोच घेऊन जपून ठेवा.

दावा अजून पडून असेल तर पुरावे बघा. एकापेक्षा जास्त पुरावे लागतात. मतदार यादी, रेशन कार्ड, घरपट्टीची पावती, जुन्या दंडाची पावती चालते. शेताचे बांध, विहीर, घर, पूर्वजांची दफनभूमी या खुणाही चालतात. गावातल्या म्हाताऱ्या माणसांचा लेखी जबाबसुद्धा पुरावा असतो, आणि म्हाताऱ्या माणसांत म्हाताऱ्या बायाही आल्या. दावा नामंजूर झाला तर कारण लेखी मिळालं पाहिजे. त्यावर ६० दिवसांच्या आत वरच्या समितीकडे दाद मागता येते. तोंडी ‘नाही झालं’ ऐकून घरी येऊ नका.

आणि ग्रामसभेला जा. वनहक्क समितीत १० ते १५ जण असतात, त्यात किमान एक तृतीयांश बायका हव्यात. वनहक्काच्या ग्रामसभेला निम्मे सभासद हजर हवेत, आणि हजर असलेल्यांत एक तृतीयांश बायका हव्यात. तुम्ही गेला नाहीत तर सभा कायद्याने पुरी होत नाही. रजिस्टर घरी आणून अंगठा घेणं म्हणजे सभा नव्हे.

शेताइतकंच महत्त्वाचं जंगल. सरपण, मोहाची फुलं, टेंभुर्णीची पानं, चारोळी, डिंक, रानभाज्या हे सगळं आणतं कोण? बायाच ना! गावाने मिळून जंगल राखण्याचा सामूहिक हक्कही याच कायद्यात आहे. साक्री तालुक्यातल्या बारीपाड्याने कायदा यायच्या कितीतरी आधी, १९९० नंतरच्या काळात, चारशे हेक्टरहून जास्त जंगल स्वतः नियम करून राखलं. झाड तोडणाऱ्याला गावच दंड करतं. तिथल्या चैत्राम पवारांना २०२५ साली पद्मश्री जाहीर झाली. त्याच गावात दरवर्षी वनभाज्यांची स्पर्धा भरते, आणि भाज्या ओळखणाऱ्या, रांधणाऱ्या बाया तिथे मानाने उभ्या राहतात. जंगल राखलं तर झऱ्याला पाणी राहतं, आणि हंडा घेऊन लांब जावं लागत नाही.

सपाटीवरच्या, तापीकाठच्या बहिणींनी हे आपलं नाही असं समजू नये. साध्या सातबाऱ्यावर नवऱ्याने बायकोचं नाव लावावं म्हणून १९९२ पासून महाराष्ट्रात लक्ष्मीमुक्ती योजना आहे. नवऱ्याने तलाठ्याकडे अर्ज करायचा. इथे मात्र नवऱ्याचं मन वळवावं लागतं. मग बोला त्याच्याशी. भांडून नाही, मुलांचं नाव घेऊन, पुढचा विचार सांगून बोला.

गटाच्या पुढच्या बैठकीत हप्ता गोळा करून झाला की एवढंच करा. प्रत्येकीने आपापला पट्टा किंवा सातबारा आणा. जिला वाचता येतं तिने वाचायचं, बाकीच्यांनी ऐकायचं. कोणाचं नाव आहे आणि कोणाचं नाही, ते वहीत लिहा. ज्यांचं नाही, त्यांचे अर्ज एकाच दिवशी, सगळ्यांनी मिळून द्या. एकटीचा अर्ज टेबलाच्या खणात राहतो. वीस जणी एकदम गेल्या की साहेबाला उठून बघावं लागतं.

राम राम.