तीनशेचा प्लॅन आणि चौऱ्याण्णवचा स्पीड

गेले काही आठवडे तुमच्या मेसेजमध्ये एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत येतोय. "दादा, प्लॅन शंभरचा आहे, मोबाईलवर चाळीसच येतात. कंपनी फसवतेय का?" उत्तर आधीच सांगतो. कधीकधी हो. पण मी ज्या ज्या घरी बघितलं, त्यातल्या बहुतेक ठिकाणी स्पीड दारापर्यंत व्यवस्थित आला होता आणि घरात येऊन अडकला होता. तो कुठे अडकलाय हे न बघता मोठा प्लॅन घेतलात, तर दर महिन्याला पैसे पाण्यात.

आधी थोडं गणित, पटकन उरकू. प्लॅनमधले एमबीपीएस म्हणजे मेगाबिट्स. गेम डाउनलोड करताना दिसतात ते मेगाबाइट्स. आठ बिट्सचा एक बाइट, म्हणजे १०० एमबीपीएसच्या लाइनवर डाउनलोड जास्तीत जास्त सेकंदाला १२.५ मेगाबाइट दिसणार. बारा दिसले म्हणून कस्टमर केअरला फोन लावू नका. दुसरं, डेटा पाकिटांतून जातो आणि पाकिटाचंही वजन असतं. नेहमीच्या मोठ्या पाकिटात तारेवरून १५३८ बाइट्स जागा जाते, त्यातले आपल्या कामाचे असतात १४६०. साधारण ९५ टक्के. म्हणून १०० च्या तारेवर टेस्ट ९४ च्या आसपास दाखवते. तो कमी स्पीड नाही, ती तार पूर्ण भरलेली आहे. हा ९४ लक्षात ठेवा.

आता खरी केस. डोंबिवलीला माझी आत्या राहते. आतेभावाचे ऑनलाइन इंटरव्ह्यू चालू होते आणि दोनदा कॉल मध्येच अडकला. एकदा त्यांनी वेळ बदलून दिली, दुसऱ्या कंपनीने दिली नाही. आत्याने काय केलं? सरळ १०० चा प्लॅन ३०० चा केला. मग मला फोन. "अरे, महिन्याला चारशे रुपये जास्त भरतेय, आणि टेस्ट लावली की तेच चौऱ्याण्णव! ह्याला काय म्हणायचं?" लाइनमन येऊन गेला होता, त्याचं म्हणणं "मॅडम, लाइन ओके आहे". आत्याला वाटलं टोलवतोय.

लाइन खरंच ओके होती. फायबर संपते तो डबा हॉलमध्ये टीव्हीमागे. तिथून एक तार आतल्या खोलीत जाते, आणि तिथे घरच्यांनी पूर्वी विकत घेतलेला राउटर. मी लॅपटॉप आधी तारेने थेट हॉलमधल्या डब्याला लावला. २८५. मग आतल्या राउटरला, तारेनेच. ९४. गुन्हेगार सापडला. राउटरच्या खोक्यावर मोठ्या अक्षरात "एसी १२००" लिहिलेलं, पण मागची तार लावायची भोकं फक्त १०० ची! हा १२०० म्हणजे दोन वायफाय बँडचे कागदावरचे स्पीड, ३०० आणि ८६७, यांची बेरीज करून गोल केलेला आकडा. एवढा मोठा हौद, आणि त्यात येणारा नळ अर्ध्या इंचाचा. त्या भोकांना स्पेसिफिकेशनमध्ये "फास्ट इथरनेट" म्हणतात. त्या "फास्ट"चं बारसं १९९५ साली झालंय, यावरून काय ते समजा.

कधी कधी राउटर चांगला असतो आणि तार घात करते. नेटवर्कच्या तारेत आठ बारीक वायरी असतात, चार जोड्या. १०० साठी दोन जोड्या पुरतात, गिगाबिटला चारही लागतात. कोणी घाईत चारच वायरी क्रिंप केल्या, किंवा दारात चेपून एखादी तुटली, तर बहुतेक वेळा लाइन बंद पडत नाही, गुपचूप १०० वर उतरते. म्हणून मोठ्या प्लॅनवर कोणी "टेस्ट नव्वद-पंच्याण्णवच्या वर जातच नाही" म्हणालं, की मी कंपनीकडे नंतर बघतो. आधी तार आणि भोकं.

पण थांबा, आतेभावाच्या खोलीत तर ९४ सुद्धा येत नव्हते. चाळीस. ही वायफायची गंमत. त्याचा लॅपटॉप २.४ गिगाहर्ट्झवर होता. या बँडवर एकमेकांच्या पायात न येणारी चॅनेल नेहमीच्या हिशोबाने तीनच, १, ६ आणि ११. आणि बिल्डिंगमध्ये राउटर किती? त्याच्या खोलीत बसून मी मोजले, एकवीस नावं दिसली. एका चॅनेलवर एका वेळी एकानेच बोलायचं असतं. शेजारच्यांची सिरीयल चालू असेल तर तुमचा राउटर तेवढा वेळ गप्प बसतो. त्यात एक अँटेना असलेला फोन या बँडवर फार तर ७२ ची लिंक दाखवतो, प्रत्यक्षात हातात पडतात चाळीस-पन्नास. तोच फोन ५ गिगाहर्ट्झवर ४३३ ची लिंक धरू शकतो. फक्त ५ ला भिंतींचं वावडं आहे. आरसीसीची एक भिंत ठीक, दोन झाल्या की जीव जातो. जुन्या दगडी वाड्यात राहणाऱ्यांनी तर वायफायवर विसंबूच नये, तार ओढावी.

आणि राउटर टीव्हीमागे, कपाटात, देव्हाऱ्याच्या वर असले प्रकार बंद करा. दिसायला बरं नाही दिसत, मान्य. स्वस्तातला एक्स्टेंडर घेण्याआधीही विचार करा. एकाच रेडिओवर चालणारा असेल तर तो प्रत्येक पाकीट ऐकतो आणि पुन्हा बोलतो. एकच गोष्ट हवेत दोनदा, स्पीड जवळपास अर्धा.

बरं, मग इंटरव्ह्यू कशाने अडकला? व्हिडिओ कॉलला तीन-चार एमबीपीएस पुरतात. चाळीस येत असताना कॉल अडकायलाच नको होता. कारण काकांच्या फोनमध्ये निघालं. कोकण ट्रिपचे व्हिडिओ त्याच वायफायवरून बॅकअपला चढत होते, तेही लांबच्या बेडरूममधून. लांबचा फोन हळू बोलतो, म्हणून हवा जास्त वेळ अडवून ठेवतो. आवाजाची छोटी पाकिटं त्या व्हिडिओंच्या रांगेमागे उभी. ३०० काय, ५०० चा प्लॅन घेतला असता तरी हे सुटलं नसतं. पुढच्या इंटरव्ह्यूला आम्ही दोनच गोष्टी केल्या, लॅपटॉपला तार लावली आणि काकांचा बॅकअप तासभर थांबवला. कॉल एकदाही तुटला नाही. आत्या पुन्हा शंभरच्या प्लॅनवर आली.

आता कंपनीकडे वळू, ती काही साधू नाही. आपल्याकडच्या बऱ्याच घरगुती फायबर लाइन जीपॉन नावाच्या तंत्रावर चालतात. एका फायबरवर खाली येणारे साधारण २.५ गिगाबिट, ते काचेच्या स्प्लिटरमधून ३२ किंवा ६४ घरांत वाटलेले. ३२ घरांनी एकदम पूर्ण ताकदीने ओढलं तर प्रत्येकाला ऐंशीच्याही खाली. एरवी सगळे एकदम ओढत नाहीत, म्हणून हे चालून जातं आणि म्हणूनच जाहिरातीत "पर्यंत" हा शब्द असतो. सरकारी व्याख्येत २०२३ पासून ब्रॉडबँड म्हणजे किमान २ एमबीपीएस. दोन! तेव्हा व्याख्येच्या जोरावर भांडायला जाऊ नका.

भांडायचं तर आकडे घेऊन. लॅपटॉप तारेने कंपनीच्या डब्याला लावा, वायफाय बंद. एक टेस्ट सकाळी सातला, एक रात्री दहाला, असे चार दिवस. सकाळी ९४ आणि रात्री रोज ३०, म्हणजे गर्दी तिकडे आहे, तुमच्या घरात नाही. टेस्टमधला सर्व्हरही बदलून बघा. ॲप बहुतेक वेळा जवळचा सर्व्हर निवडतं, कधी तर तुमच्याच कंपनीचा. म्हणजे अंगणातच धावून मॅरेथॉनची वेळ सांगण्यासारखं. सर्व्हर दुसऱ्या कंपनीचा, दुसऱ्या शहरातला घ्या. स्क्रीनशॉट ठेवा, तक्रार करताना डॉकेट नंबर घ्याच. त्यावर समाधान झालं नाही तर त्याच कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे जाता येतं, आणि तिथे डॉकेट नंबर लागतो. "फोनवर बोललो होतो" चालत नाही.

आज रात्री जेवणं झाल्यावर एवढं करा. एक टेस्ट डब्याला तार लावून, एक राउटरला तार लावून, एक तुमच्या नेहमीच्या जागेवरून वायफायवर. तीन आकडे आणि प्लॅन किती आहे तेवढं पाठवा. ज्यांचा तारेवरचा आकडा नेमका ९४ च्या आसपास येईल, त्यांनी राउटरच्या मागचा फोटोही जोडा. पुढच्या भागात त्यातलीच काही घरं घेऊ.