ड्रम बदलायच्या आधी हातात पट्टी घ्या

आजचा विषय ऐकून काही जण एपिसोड पुढे ढकलतील, मला माहितीये. विषय आहे कलर झेरॉक्स मशीन, आणि त्यातून येणारे डाग, रेघा, फिकट रंग. मी हे काम पुण्यात करतो. आज सुरुवात माझ्याच एका घोळापासून करतो.

नोकरीला लागून मला वर्षही झालं नव्हतं. जुलै महिना, ॲडमिशनचा सीझन, आणि कॉलेजजवळच्या एका दुकानातून फोन. काका म्हणाले, "अरे, प्रत्येक झेरॉक्सवर काळपट रेघ येतेय. पोरं परत येतायत." रेघ नेमकी कुठून जायची? जातीच्या दाखल्यावरच्या नंबरवरून. नंबर वाचता येत नाही म्हणून कॉलेजच्या खिडकीवरून पोरांना परत पाठवत होते. मी गेलो, बघितलं आणि छातीठोकपणे सांगितलं, "काका, काळा ड्रम गेला." त्यांनी नवा ड्रम मागवला. किंमत सांगत नाही, पण माझ्या तेव्हाच्या पगाराच्या आसपास होती. बसवला. पहिली झेरॉक्स काढली, तर रेघ तिथेच!

दुसऱ्या दिवशी आमचे सीनियर आले. त्यांनी मशीन उघडलंसुद्धा नाही. काकांना एकच विचारलं, "पोरं व्हॉट्सॲपवर पीडीएफ पाठवतात, त्यांच्या प्रिंटवर रेघ येते का?" काका म्हणाले, "नाही हो, त्या एकदम क्लीन." झालं. प्रिंटही त्याच ड्रमवरून निघते. ड्रम खराब असता तर रेघ तिथेही आली असती ना! मग त्यांनी दाखला वरच्या फीडरमधून न टाकता झाकण उघडून मोठ्या काचेवर ठेवला. रेघ गायब. फीडरचा कागद जिच्यावरून सरकतो, ती बोटभर रुंदीची काचेची पट्टी मोठ्या काचेच्या बाजूलाच असते. तिच्यावर धूळ चिकटलेला डिंकाचा एक ठिपका होता. फॉर्मवर फोटो चिकटवतात ना, त्याचा ओला डिंक. फीडरमध्ये स्कॅनर जागेवर थांबतो आणि कागद पळतो, त्यामुळे टाचणीच्या डोक्याएवढा ठिपका पानभर रेघ ओढतो. ओल्या फडक्याने एक मिनिटात निघाला. बसवलेला ड्रम मात्र परत जात नाही.

तेव्हापासून माझा पहिला प्रश्न ठरलेला: डाग फक्त कॉपीवर येतो की प्रिंटवरही? फक्त कॉपीवर असेल तर मशीनच्या पोटात हात घालायचाच नाही. काचा पुसा, पुन्हा बघा.

प्रिंटवरही येत असेल, तर मग पोटात काय चालतं ते थोडं कळायला हवं. २२ ऑक्टोबर १९३८ ला न्यूयॉर्कच्या ॲस्टोरिया भागात चेस्टर कार्लसनने पहिली अशी कॉपी काढली. गंधक लावलेली जस्ताची पट्टी, ती रुमालाने घासून आणलेली स्थिर वीज, त्यावर प्रकाश, वर पावडर, मग ती कागदावर घेऊन गरम करायची. आजचं मशीनही तेच करतं, फक्त चार वेळा. यलो, मॅजेंटा, सायन, ब्लॅक, प्रत्येकाचा वेगळा ड्रम. चारही रंग आधी एका बेल्टवर एकावर एक बसतात, तिथून कागदावर येतात आणि फ्यूजरच्या उष्णतेने वितळून चिकटतात.

म्हणून दुसरा प्रश्न: कोणता रंग बिघडलाय? मशीनच्या मेनूतून चारही रंगांचे वेगवेगळे पट्टे असलेलं टेस्ट पेज काढा. हिरव्या भागात पिवळी रेघ दिसली तर यलोला दोष देऊ नका. हिरवा म्हणजे सायन अधिक यलो. तिथे सायन पोचलेला नाही, म्हणून पिवळा उघडा पडलाय. बहुतेक वेळा सायनच्या लेझरसमोरच्या काचेवर धूळ असते. प्रकाश अडला की तेवढ्या भागात टोनर बसत नाही.

आता माझा लाडका भाग, पट्टी. एकच डाग पानावर ठरावीक अंतराने पुन्हा पुन्हा येतोय? अंतर मोजा. काहीतरी गोल फिरतंय, आणि ते अंतर म्हणजे त्याचा घेर. ड्रमचा व्यास ३० मिमी असेल तर डाग दर ९४ मिमीला येणार. प्रत्येक रोलरचा घेर वेगळा, आणि त्याचा तक्ता सर्व्हिस मॅन्युअलमध्ये असतो. तरी शंका असेल तर प्रिंट चालू असताना, कागद फ्यूजरला पोचायच्या आत दार उघडून मशीन थांबवा. डाग बेल्टवर दिसला तर दोष बेल्टच्या आधी किंवा बेल्टमध्येच आहे. बेल्ट स्वच्छ असेल तर पुढे शोधा. पण फ्यूजरला हात लावू नका हं, चांगलाच भाजतो.

पावसाळ्यात मात्र निम्मे फोन मशीनचे नसतातच, कागदाचे असतात. दमट कागदावर चार्ज टिकत नाही, रंग ठिगळ लावल्यासारखा दिसतो. ट्रेमध्ये रात्रभर राहिलेला गठ्ठा काढा, नवीन रिम फोडा, तेच पान पुन्हा मारा. सुधारलं? मग मला बोलवू नका, चहाचे पैसे वाचवा. तसंच जाड कागद घातलाय आणि सेटिंग साध्या कागदाचं आहे, तर टोनर नीट वितळत नाही, बोटाने खरवडला की निघतो. अक्षरांभोवती रंगाची सावली दिसली तर मेनूतून रजिस्ट्रेशन चालवून बघा. बऱ्याचदा तेवढंच पुरतं.

आणि कृपा करून ड्रमला सॅनिटायझर लावू नका. लोक लावतात, मी पाहिलंय! ड्रम उजेडातही उघडा ठेवायचा नसतो. बाहेर काढलाच तर लगेच काळ्या कापडात गुंडाळा.

त्या ड्रमचं काय झालं? अर्धे पैसे मी हप्त्याने दिले. काकांनी आधी नाही म्हटलं, मग घेतले. परवा त्यांचाच मेसेज आला. टेस्ट पेजचा फोटो, शेजारी शाळेतली प्लॅस्टिकची पट्टी, खाली लिहिलेलं: "मॅजेंटा. ९४ मिमी. पीडीएफवर पण येतो." मी मॅजेंटाचा ड्रम बॅगेत टाकला आणि निघालो. वीस मिनिटांत काम झालं, चहा मात्र काकांनीच पाजला.