कासचं पाणी



साताऱ्यात पाण्याला गावाचं नाव असतं. "आज कासचं आलंच नाही," असं एखादी बाई दारातून शेजारणीला सांगते, तेव्हा तिच्या मनात पठार नसतं, फुलं नसतात आणि जागतिक वारसा तर नसतोच नसतो. नळ कोरडा आहे, एवढाच त्याचा अर्थ. शहराच्या काही भागाला शहापूर योजनेचं पाणी मिळतं, वरच्या अंगाच्या काही पेठांना कासच्या तलावाचं. ज्यांना कासचं मिळतं त्यांच्या बोलण्यात जरासा तोरा असतो. कासच्या पाण्यात डाळ लवकर शिजते म्हणे. माझी थोरली बहीण हा तोरा अजून बाळगून आहे. मी तिला ताई म्हणतो आणि आमची सगळी पेठ तिला बाई म्हणते, कारण निम्म्या पेठेला तिनं शाळेत शास्त्र शिकवलं आहे.

मी नोकरीनिमित्त सातारा सोडला, ती तिथंच राहिली. गौरी-गणपती उरकले की चार दिवस मी तिच्याकडे जातो. या खेपेला म्हटलं, ताई, कासला जाऊन येऊ. ती म्हणाली, "फुलं बघायची असली तर तू एकटा जा. तलाव बघायचा असला तर मी येते." भाऊ-बहिणींत धाकट्यानं अशा वेळी अर्थ विचारायचा नसतो. मेथीच्या दशम्या, शेंगदाण्याची चटणी, दोन छत्र्या आणि स्टीलच्या बाटलीत नळाचं पाणी घेऊन आम्ही बामणोलीच्या एस.टी.त बसलो. वार मुद्दाम मधला निवडला होता. शनिवार-रविवारी त्या घाटात माणसं कमी आणि गाड्याच जास्त दिसतात. ताईला अर्धं तिकीट, मला पूर्ण. बायकांना एस.टी.त अर्धं भाडं झाल्यापासून ही गोष्ट ती मला कंडक्टरच्या देखत मोठ्यानं ऐकवते.

समर्थ मंदिर मागं पडलं की गाडी यवतेश्वरचा घाट चढायला लागते. एका वळणावर खाली अख्खं शहर आणि त्यापलीकडे अजिंक्यतारा दिसतो. ताई म्हणाली, "शाहू महाराजांच्या वेळी इथूनच खाली पाणी नेलं होतं." हे खरं आहे. अठराव्या शतकात छत्रपती शाहूंनी किल्ल्याखाली शहर वसवलं, तेव्हा यवतेश्वरच्या डोंगरातलं पाणी खापरी नळांनी खाली आणून हौदांत सोडलं. जुन्या वाड्यांतून त्या नळांचे तुकडे अजून निघतात. कासचा तलाव पुष्कळ पुढचा, एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातला, इंग्रजी अमदानीतला. विचार मात्र जुनाच. डोंगर उंच आहे, शहर खाली आहे, मग पाणी आपल्या पायांनी येईल.

घाट संपला की गाडी डोंगराच्या धारेवरून पश्चिमेकडे धावते. उजवीकडे वेण्णेचं खोरं आणि कण्हेर धरणाचं पाणी, डावीकडे उरमोडीचं खोरं आणि समोरच्या अंगाला सज्जनगड. खिडकी कोणती धरायची यावरून लहानपणी आमची भांडणं व्हायची. आता ताई डावी धरते आणि मला उजवी बघायला सांगते, म्हणजे दोन्हीकडचं तिला कळतं.

पठारावर आम्ही उतरलो तेव्हा ढग जमिनीला टेकले होते. दहा पावलांपलीकडचं दिसत नव्हतं आणि मला ते बरंच वाटलं. कारण लांबवर नजर जात नसली की माणूस पायाखाली बघतो. कासला बघायचं ते पायाखालीच आहे. हा सगळा जांभ्याचा सडा. मूळचा खडक काळा बसाल्ट, कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. त्यावर युगानुयुगं पाऊस कोसळला आणि झाडांना लागणारं जे काही होतं ते धुऊन घेऊन गेला. मागं राहिलं ते लोखंड आणि ॲल्युमिनियम. म्हणून हा दगड तांबडा आणि भोकाभोकांचा. वर माती बोटभर, कुठं तीही नाही. या मातीत झाड धरत नाही. पाऊस साताऱ्यात पडतो त्याच्या दुपटीहून जास्त, पण तो धरून ठेवायला काही नाही.

ताईनं पिशवीतून भिंग काढलं आणि ती एका खळग्यापाशी चक्क गुडघे टेकून बसली. तिच्या गुडघ्यांची शस्त्रक्रिया लांबणीवर पडली आहे, हे मी तिला सांगणार होतो. पण तिनं हातानंच गप्प राहा म्हटलं. खळगा परातीएवढा. त्यात वीतभर पाणी, काठाला निळ्या-जांभळ्या फुलांचा झुबका. फूल नखाएवढं, मध्ये दोन पांढरे ठिपके. ही सीतेची आसवं. "मुळाशी बघ," ताई म्हणाली. तिनं एक काडी बाजूला सारली. मातीच्या चिखलात केसासारखे तंतू आणि त्यांना मोहरीहूनही बारीक फुगे. या फुग्यांना झडप असते. पाण्यातला एखादा सूक्ष्म जीव झडपेच्या केसाला लागला की ती आत उघडते, पाण्यासकट तो आत खेचला जातो आणि झडप मिटते. डोळ्याचं पातं लवायलाही त्याहून जास्त वेळ लागतो. जमिनीत नत्र नाही, तेव्हा ते असं मिळवायचं. जरा पलीकडे दवबिंदू होती. तिच्या पानांवरच्या लाल केसांच्या टोकांना चिकट थेंब, आणि त्यात अडकलेलं चिलट अजून पाय हलवत होतं. ताई मग शाळेतल्या आवाजात म्हणाली, "जमीन चांगली असती तर इथं गवत माजलं असतं. ही सगळी फुलं हाकलली गेली असती. गरिबीवर चाललंय हे सगळं."

मला हे वाक्य त्या दिवसभर पुरलं. आपण कासचं वर्णन करताना निसर्गानं मुक्त हस्तानं उधळण केली वगैरे म्हणतो. इथं तर उलट आहे. हात अगदी आखडता आहे, आणि म्हणूनच ज्याला थोडक्यात भागवता येतं त्यानंच इथं राहायचं. तेही पाळीपाळीनं. पावसाच्या सुरुवातीला चवर आणि दीपकाडी, मग गेंदाचे पांढरे गोंडे, सप्टेंबरात तेरडा आणि सीतेची आसवं, शेवटी सोनकी पिवळी होते आणि दिवाळीनंतर सडा वाळून खडखडीत. कारवीचं गणित आणखी निराळं, ती कित्येक वर्षांतून एकदाच एकदम फुलते. फुलांच्या साडेआठशेच्या आसपास जाती इथं नोंदल्याचं सांगतात. वायतुऱ्याचं शास्त्रीय नावच साताऱ्यावरून पडलं आहे. पांढऱ्या-जांभळ्या तुऱ्याचं हे पाण्यातलं रोप असल्याच सड्यांवर वाढतं.

2012 साली युनेस्कोनं पश्चिम घाटातल्या 39 जागा जागतिक वारशाच्या यादीत घेतल्या, त्यात महाराष्ट्रातल्या चार. कास, कोयना, चांदोली आणि राधानगरी. मग व्हायचं ते झालं. गर्दी आवरायला तिकीट आलं, नोंदणी आली, तारेचं कुंपण आलं. कुंपणानं माणसं अडली, पण गुरंही अडली, आणि गुरं चरायची थांबल्यावर गवत उंच होऊन फुलांना भारी पडतंय अशी ओरड झाली. पुढं ते कुंपण काढलं. माझं मत विचाराल तर पठारावर म्हशी हव्यातच. त्या निदान फुलांत लोळून फोटो काढत नाहीत.

तिथून तलावापर्यंत रस्ता उताराचा. आम्ही चालत निघालो. चालताना आपण सड्यावरून खाली उतरतोय हे पायांना समजतं. दगड संपतो, माती खोल होते, झाडी सुरू होते. जांभूळ, अंजनी, पिसा अशी सदाहरित झाडी, शेवाळानं मढलेली. आणि सड्यावर जे पाणी पायांखालून पळताना दिसलं होतं, ते आता रस्त्याकडेच्या प्रत्येक घळीतून खळखळत उतरत होतं. तेव्हा ताईची अट माझ्या ध्यानात आली. फुलं आणि तलाव या दोन जागा नाहीतच मुळी. वरचा दगड पाणी मुरू देत नाही, म्हणून वर फुलं आणि खाली तळं. डाळ लवकर शिजण्याचं कारणही तेच. हे पाणी खडकात फार खोल शिरत नाही, त्यामुळं त्यात क्षार उतरत नाहीत. जवळजवळ पावसाचंच पाणी ते. जड पाण्यात डाळ दडदडीत राहते, हलक्या पाण्यात गळते. पेठेतल्या बायकांचा तोरा अगदीच हवेतला नव्हता तर.

तलाव भरलेला होता. तिन्ही बाजूंनी झाडी पाण्यापर्यंत उतरलेली, मध्येच वाऱ्याची झुळूक यायची आणि पाण्यावर एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत काटा उभा राहायचा. ढग वर उचलला की पाणी हिरवं, खाली आला की शिसवी. काठावर भज्यांच्या टपऱ्या, मक्याची कणसं, पिठलं-भाकरीचे फलक. एक कुटुंब चटई टाकून बसलं होतं, मुंबईकडचं असावं. त्यांनी पिण्याच्या पाण्याच्या सीलबंद बाटल्यांचं अख्खं खोकं आणलं होतं. ताईनं आधी खोक्याकडे पाहिलं, मग तलावाकडे आणि मग आपल्या स्टीलच्या बाटलीचं झाकण असं काही उघडलं, की मला त्या माणसांची दया आली. ती बोलली काहीच नाही. दशमी खाताना मात्र म्हणाली, "रिकाम्या बाटल्या इथंच टाकतील. मग त्या आमच्याच नळाला."

आता थोडं पाटाविषयी, कारण माझ्या लेखी खरी बघण्यासारखी गोष्ट तीच, आणि तिच्यापुढं उभं राहून कोणी फोटो काढत नाही. तलावातून शहराकडे जो उघडा पाट काढला, तो डोंगराच्या कुशीकुशीनं, प्रत्येक घळ आणि प्रत्येक सोंड वळसा घालत, पंचवीसेक किलोमीटर जातो. उतार इतका बेताचा, की पाणी थांबूही नये आणि काठ कापत सुटूही नये. कुठंही पंप नाही. ज्यांनी हे आखलं त्यांच्याकडे दुर्बीण, पट्टी आणि पायपीट एवढंच साहित्य होतं. पाटात पालापाचोळा पडतो, पावसात दरड येते, गुरं तोंड घालतात, म्हणून त्यावरून फिरून तो मोकळा ठेवणारी नगरपालिकेची माणसं असत. पुढं बंद नळ आले. ताईनं पूर्वी मुलांची सहल काढली की ती पठारावर न थांबता पाटाच्या कडेनं चालवत न्यायची. मुलं कंटाळायची. त्यातलाच एक मुलगा आता पाणीपुरवठ्यात इंजिनिअर आहे आणि तिला बघितलं की वाकून नमस्कार करतो.

अलीकडं तलावाचा बांध वाढवला. जुना मातीचा बांध शहराला पुरेना, उन्हाळ्यात पाणी दिवसाआड होई, म्हणून नवा उंच बांध घातला आणि रस्ताही सरकवला. साठा पूर्वीच्या कितीतरी पट झाला. यावर आमचं तिथं काठावरच वाजलं. मी म्हटलं, बरं झालं, शहर वाढतंय, माणसांना पाणी नको का? ती म्हणाली, पाणी हवंच, मीही तेच पिते. पण काठाची जी झाडी बुडाली, तिचं खातं कुणाच्या नावे? मी म्हटलं, झाडी पुन्हा येईल. ती म्हणाली, "वर सड्यावर काय बघून आलास?" बोटभर मातीला किती काळ लागतो हे मला तासाभरापूर्वीच सांगितलं गेलं होतं, त्यामुळं माझी बाजू लंगडी पडली. तरी मी हटलो नाही. वरच्या पेठांत पहाटे हंड्यांची रांग असायची, ती रांग लावायला तीच उठायची आणि मी झोपून राहायचो. याची तिला आठवण करून दिली, तेव्हा ती जरा नरमली. जरा म्हणजे चटणी माझ्याकडे सरकवण्याइतकी.

कासहून वाहून जाणारं पाणी उरमोडीत जातं, उरमोडी कृष्णेला मिळते. जरा पश्चिमेकडे पडलेला थेंब कोयनेच्या शिवसागरात उतरतो आणि कऱ्हाडला कृष्णेला मिळतो. पश्चिमेचा समुद्र त्या मानानं जवळ, ढग तिकडूनच आलेले, तरी पाणी मात्र अख्खं दख्खन ओलांडून बंगालच्या उपसागराला जाऊन मिळतं. वाटेत त्यातलं थोडंसं साताऱ्याच्या डाळीत.

परतीच्या गाडीला बामणोलीकडची बाजाराची मंडळी होती, टोपल्या होत्या, एक बांधलेला कोंबडा होता. ताईला लगेच जागा मिळाली, कारण देणारी तिची विद्यार्थिनी निघाली. मी यवतेश्वरपर्यंत दांडीला लटकून आलो. तिला आता मे महिन्यात परत जायचं आहे, पाणी तळाला गेलेलं असताना. जुना बांध कुठं होता, खाली कोणती झाडं गेली, ते तिला मोजायचं आहे. मी येतो म्हटलंय. उन्हाची टोपी तिनं आणायची आणि बाटल्या गोळा करायला पोती मी.