शाळेचा स्पीकर कोणता घ्यावा?
(स्नेहमेळाव्यातील भाषण)



शाळेच्या सभागृहाला आपल्या तुकडीतर्फे चाकांचा ब्लूटूथ स्पीकर द्यायचं ठरलं. माझं पोट ध्वनियंत्रांच्या दुरुस्तीवर चालतं, म्हणून निवड माझ्याकडे आली. ग्रुपवर पंधरा दिवस एकच वाद चालला आहे: एलडॅकवाला महाग घ्यायचा की साधा? पैसे सगळ्यांचे आहेत, तेव्हा माझं मत उघडपणे मांडतो.

सीडीवरच्या आवाजाला सेकंदाला १४११ किलोबिट लागतात. ब्लूटूथची वाट एवढी रुंद नाही. म्हणून फोन आवाजाची घडी घालून पाठवतो आणि स्पीकर ती उलगडतो. घडी घालण्या-उलगडण्याच्या या रीतीला कोडेक म्हणतात. एसबीसी ही रीत प्रत्येक ब्लूटूथ स्पीकरला यावीच लागते, तसा नियम आहे. ती साधारण ३२८ किलोबिटपर्यंत जाते. एएसी, अॅपटीएक्स आणि सोनीचा एलडॅक ऐच्छिक आहेत. त्यांतला एलडॅक ९९० पर्यंत पोचतो.

मेख अशी, की रीत दोघांनाही यावी लागते. एकाला मराठी-कानडी येते, दुसऱ्याला मराठी-तेलुगू, तर बोलणं मराठीतच होणार ना? आयफोनला एलडॅक येत नाही. अँड्रॉइडमध्ये २०१७ च्या आठव्या आवृत्तीपासून त्याची सोय झाली, पण शाळेत स्पीकरला जोडला जाणारा फोन आज सरांचा, तर उद्या बाईंचा. शिवाय फोन लांब गेला, मध्ये गर्दी आली, की एलडॅकही ३३० वर उतरतो, म्हणजे एसबीसीच्या पंगतीला येऊन बसतो. आपल्या घुमणाऱ्या सभागृहात, मुलांच्या गलक्यात हा फरक कुणाच्या कानाला कळेल, असं मला वाटत नाही.

कळेल तो उशीर. घडी घालून उलगडेपर्यंत सेकंदाचा सहावा-सातवा भाग सहज जातो. रेकॉर्डवर नाच बसवताना तो जाणवत नाही. पण तुम्ही ब्लूटूथमार्गे माइकवर बोललात, तर आपलाच आवाज मागाहून ऐकू येतो आणि जीभ अडखळते. प्रार्थनेला पेटी असेल तर तालच चुकतो. म्हणून माझी मागणी साधी आहे: वायरच्या माइकसाठी दोन खाचा, फोनसाठी वायरची एक खाच, दमदार बॅटरी आणि दुरुस्ती गावातच होईल असं यंत्र. कोडेक एसबीसी आणि एएसी पुरेत.

उरलेले पैसे खर्चू नयेत, असं मी सुचवतो. समोर बसलेल्या आपल्या काही गुरुजनांच्या कानाला यंत्र आहे. माझं हे बोलणंही त्यांना अर्धंच पोचत असेल. २०२० साली ब्लूटूथची एलई ऑडिओ ही नवी पद्धत जाहीर झाली. तिचा कोडेक एलसी३. तिच्यामुळे सभागृहातला आवाज एकाच वेळी अनेक श्रवणयंत्रांत थेट सोडता येतो. मात्र पाठवणारं यंत्र आणि कानातलं यंत्र, दोन्ही त्या पद्धतीची हवीत. जुन्या यंत्रांना ती येणार नाही. तेव्हा ही रक्कम शाळेच्या खात्यात त्याच कामासाठी राखून ठेवू या.

ज्यांनी एलडॅकसाठी जास्तीची वर्गणी दिली, त्यांना विचारूनच हे व्हावं. त्यांचं मन मोठं आहे. ते मन कोणाच्या कानी पडावं, एवढाच माझा प्रश्न आहे. हरकत असेल त्यांनी चहाच्या वेळी मला जरूर गाठावं.