वाळूतला गणपती आणि दारातली रांगोळी



मी सातवी शिकलेली बाई, मला भाषणाची सवय नाही. पण आग्रह झाला, म्हणून दोन शब्द बोलते.

ओडिशात जगन्नाथपुरीच्या किनाऱ्यावर श्री. सुदर्शन पटनायक वाळूची शिल्पे करतात. रथयात्रा, गणेशचतुर्थी, नाताळ, सण कोणताही असो, त्यांच्या शिल्पाचे चित्र वर्तमानपत्रात येतेच. २०२२ च्या चतुर्थीला त्यांनी वाळूच्या गणपतीपुढे वाळूचेच ३,४२५ लाडू मांडले. २०२३ च्या नाताळात सांताक्लॉजसाठी दोन टन कांदे वापरले. ते वाचून माझा कांदा चिरता हात थांबला! त्यांना २०१४ साली पद्मश्री मिळाली.

वाळू भिजवायची, चोपायची, मग वरून खाली कोरत यायचे. वाऱ्यापाण्यापुढे ते टिकत नाही. मागे उरते पेपरातले चित्र आणि त्याखाली करणाऱ्याचे नाव.

मला आपली रांगोळी आठवली. गेल्या वर्धापनदिनी आपल्यातल्या तिघींनी पहाटेपासून बसून गालिचा काढला. पेपरात फोटोही आला. त्यात पाहुणे होते, हार होते, आणि रांगोळीचा एक कोपरा पाहुण्यांच्या पायाशी. नाव तिघींपैकी एकीचेही नव्हते.

रांगोळी पुसली जाते याचे मला दुःख नाही. उद्या पुन्हा काढू. पण हात कोणाचे, हे कळायला हवे. पेपर छापो न छापो, आपल्या स्मरणिकेत तरी यंदापासून रांगोळी काढणाऱ्यांची नावे छापावीत, एवढीच विनंती.

चुकलेमाकले पोटात घाला.